देशादेशांची तुलना आणि आपलं गाव: सार्वजनिक आरोग्य व शाश्वत विकासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, आशाताई, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाश्वत विकास म्हणजे झाडं लावायची आणि प्लास्टिक बंद करायचं, एवढंच ना?

नाही, त्याची व्याप्ती फार मोठी आहे. १९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने त्याचा अर्थ मांडला: आजची गरज भागवायची, पण पुढच्या पिढीला तिची गरज भागवता येणार नाही अशी वेळ आणायची नाही. ब्रुंटलँड पेशाने डॉक्टर, नॉर्वेच्या पंतप्रधान, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकही झाल्या. त्यामुळे आरोग्य आणि विकास यांची सांगड या विचारात पहिल्यापासून आहे.

वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा डोळ्यांसमोर आणा. बागा उभ्या राहिल्या, घरं पक्की झाली, पोरं शिकली. पण बोअर दरवर्षी खोल जात गेले आणि हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. विकास झाला हे खरं. तो नातवापर्यंत पोचणार का, हा शाश्वततेचा प्रश्न.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं मान्य केली. मुदत २०३० ची आहे. त्यातलं तिसरं उद्दिष्ट थेट आरोग्याचं. पण भूक (दुसरं), पाणी-स्वच्छता (सहावं) आणि स्त्री-पुरुष समानता (पाचवं) यांच्याशिवाय तिसरं पुरं होत नाही.

२. भारताचा क्रमांक कधी १३०, कधी ९९, कधी १०५ असा वाचतो. खरा कोणता?

तिन्ही खरे. मोजणारे वेगळे आहेत आणि मोजायची गोष्टही वेगळी आहे.

मानव विकास निर्देशांक १९९० पासून निघतो. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो सुरू केला, अमर्त्य सेन यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न एवढ्याच तीन गोष्टी येतात. २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांत १३० वा आहे. शाश्वत विकास अहवालात १७ ही उद्दिष्टांचे गुण एकत्र करतात. तिथे २०२५ मध्ये भारत १६७ देशांत ९९ वा आला, म्हणजे पहिल्यांदाच शंभराच्या आत. जागतिक भूक निर्देशांकात २०२४ ला १२७ देशांत १०५ वा होता (त्यावरचा वाद प्र. ११ मध्ये).

क्रमांक सांगताना एकूण देश किती होते ते सांगायला विसरू नका. आणि गेल्या वर्षीच्या क्रमांकाशी ताडायच्या आधी यादीत किती देश वाढले-घटले ते पाहा. आपण जागचे हललो नाही तरी क्रमांक बदलू शकतो.

३. अर्भक मृत्युदर, बालमृत्युदर आणि माता मृत्यू प्रमाण, परीक्षेत हमखास गोंधळ होतो.

अर्भक मृत्युदर: दर १,००० जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली बाळं. पाच वर्षांच्या आत दगावलेली धरली की पाच वर्षांखालील बालमृत्युदर. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू म्हणजे नवजात मृत्युदर. माता मृत्यू प्रमाण मात्र दर १,००,००० जिवंत जन्मांमागे काढतात. गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू त्यात धरतात. अपघात धरत नाहीत.

२०३० ची लक्ष्यं: माता मृत्यू ७० च्या खाली (हे साऱ्या जगाची सरासरी म्हणून), पाच वर्षांखालील बालमृत्यू २५, नवजात मृत्यू १२.

४. देश श्रीमंत झाला की आरोग्य आपोआप सुधारतं. मग आधी पैसा कमवायला नको का?

पैशाने मदत होते, पण "आपोआप" हा शब्द खोडावा लागेल. देशांची तुलना खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती इथेच.

अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालते. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे, तरी तिथला माणूस सरासरीने अमेरिकन माणसाइतका, किंबहुना थोडा जास्तच जगतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी भागाभागाला छोटी आरोग्य पथकं नेमली. डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी फिरणारा कार्यकर्ता, असं एक पथक ठरलेल्या कुटुंबांना बांधलेलं.

श्रीलंकेने तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९२६ मध्ये, कळुतरा इथे पहिलं आरोग्य युनिट काढलं. गावाला बांधलेली प्रशिक्षित सुईण हा त्या व्यवस्थेचा कणा. गरोदर बाईची नोंद, घरी भेट, बाळंतपण दवाखान्यात, आणि आई दगावली तर का दगावली याची चौकशी. शतकभर न थकता हेच केलं. आज तिथला अर्भक मृत्युदर दर हजारी दहाच्या बराच खाली आहे.

बांगलादेशचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यांच्या हातात फारच थोडं होतं. हगवणीने मुलं जायची. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो हे ढाक्याच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं होतं. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. मग १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बाया घरोघर गेल्या आणि आयांना चुलीपुढे बसून शिकवलं: तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सांगून निघून जायचं नाही, आईच्या हाताने करून घ्यायचं. नंतर दुसरी माणसं येऊन आईला किती आठवतं ते तपासायची आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरायचा. एक कोटीहून अधिक घरं त्यांनी अशी गाठली. (आज आपल्याकडे आशाताईकडे ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या असतात, त्याच वापरा.) आयुर्मानात बांगलादेश आज भारताच्या पुढे आहे.

५. श्रीलंका एवढीशी, भारत केवढा! ही तुलनाच चूक नाही का?

सगळ्या भारताशी अवघड आहे, मान्य. मग विदर्भाशी करू. २०११ च्या जनगणनेत आपल्या अकरा जिल्ह्यांची लोकसंख्या २ कोटी ३० लाख होती. श्रीलंकेची साधारण २ कोटी २० लाख. जोडी जमली.

आता हिवताप पाहा. सलग तीन वर्षं देशात स्थानिक लागणीचा एकही रुग्ण नसेल तरच जागतिक आरोग्य संघटना हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र देते. श्रीलंकेला ते सप्टेंबर २०१६ मध्ये मिळालं. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा मात्र अजूनही एकट्या गडचिरोलीचा असतो, त्यातही भामरागड-एटापल्लीकडचा.

श्रीलंकेतही जंगल आहे, पाऊस आहे, आणि दीर्घ यादवी युद्ध होऊन गेलं. शिवाय एकदा हातातोंडाशी आलेला घास गेलाही होता. १९६३ मध्ये साऱ्या देशात फक्त १७ रुग्ण उरले, काम ढिलं पडलं, आणि १९६९ पर्यंत आकडा पाच लाखांवर गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शेवटच्या टप्प्यात एकेका रुग्णाच्या मागे जाऊन तो कुठून आला, कुणाला डास चावले असतील, हे शोधलं. गडचिरोलीत फवारणी आणि मच्छरदाण्या वाटणारी माणसं रुग्ण घटल्यावरही कमी करू नका असं का म्हणतो, ते या इतिहासामुळे.

६. महाराष्ट्र पुढारलेलं राज्य. मग आमच्याकडे असं का?

राज्याचे आकडे खरोखर चांगले आहेत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (ती काय, ते प्र. १२ मध्ये) २०१८-२० या काळात माता मृत्यू प्रमाण देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ होतं. २०२० चा अर्भक मृत्युदर देशात २८, महाराष्ट्रात १६, केरळात ६.

पण सरासरीत पुणे आणि मेळघाटातलं धारणी एकत्र येतात. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात गडचिरोली तळाच्या जिल्ह्यांत होता. आणि सगळीकडे राज्य पुढे आहे असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) उंचीच्या मानाने वजन कमी असलेली बालकं देशात १९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के निघाली. पैसेवाल्या राज्यात चारातलं एक मूल असं वाळलेलं! या आकड्यावर विधानसभेत आणि गावात जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

७. आमच्या गावात यंदा दोन बाळं गेली. हिशेब केला तर दर ५० निघाला. म्हणजे आम्ही आफ्रिकेच्याही मागे?

असा निष्कर्ष काढू नका. समजा गावात वर्षाला ४० बाळं जन्मतात. एक गेलं तर दर २५, दोन गेली तर ५०, आणि एकही गेलं नाही तर शून्य, म्हणजे जपानच्याही पुढे. परिस्थिती तीच असताना आकडा एवढ्या उड्या मारतो, कारण जन्म थोडे आहेत. माता मृत्यूचं तर विचारूच नका. तो लाखात मोजायचा, आणि गावात कित्येक वर्षांत एखादाच होतो.

गावाने दर काढू नये, प्रत्येक मृत्यूची गोष्ट काढावी. दुखणं कधी लक्षात आलं? दवाखान्यात न्यायचं कुणी आणि किती उशिरा ठरवलं? १०८ कधी आली? दवाखान्यात कोण होतं? माता मृत्यू आणि बालमृत्यू अन्वेषणाची सरकारी पद्धत याच प्रश्नांवर उभी आहे. दर पाहायचाच असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या गावांचा, तीन ते पाच वर्षं एकत्र करून पाहा. आणि त्या दोन घरांत आकडा घेऊन जाऊ नका, तिथे आधी माणूस म्हणून जा.

८. जपानचा मृत्युदर भारताच्या दुप्पट, असं पुस्तकात आहे. छापायची चूक?

चूक नाही. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला भारतात सुमारे ६ मृत्यू होतात, जपानमध्ये १२-१३. जपानमध्ये म्हातारी माणसं खूप आहेत, म्हणून मृत्यूही जास्त. केरळचा ढोबळ मृत्युदरही याच कारणाने देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. दोन देश ताडायचे तर आयुर्मान घ्या किंवा वयोरचनेनुसार प्रमाणित केलेला, म्हणजे दोन्हीकडे वयाची रचना सारखी धरून काढलेला, दर घ्या. कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, कोविडचे मृत्यू, सगळ्यांना हाच नियम लागतो.

९. भाऊ, आम्ही मन लावून तपासणी केली तर रुग्ण वाढतात आणि बैठकीत बोलणी बसतात. शेजारच्या केंद्रावर रुग्णच नाहीत, त्यांचं कौतुक. हे कसं?

हा प्रश्न आशाताई आणि आरोग्यसेवक दोघांकडून येतो, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. शोधलं तर सापडतं. म्हणून हिवतापात रुग्णांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा वाचायचा असतो: वर्षभरात किती टक्के लोकांचं रक्त तपासलं. आपल्याकडे निदान १० टक्के हे प्रमाण ठरलेलं आहे. दोन टक्के लोक तपासून "रुग्ण घटले" असं म्हणता येत नाही.

राज्यांच्या तुलनेतही हाच फेर दिसतो. पाहणीत "गेल्या काही दिवसांत आजारी होतो" असं सांगणारे केरळात सर्वांत जास्त असतात, बिहारमध्ये कमी. अमर्त्य सेन यांनी याकडे वारंवार लक्ष वेधलं. जिथे शिक्षण आहे, दवाखाना जवळ आहे, तिथे माणूस आजाराला आजार म्हणतो. आपल्याकडे बाया कंबर धरून निंदणाला जातात आणि विचारलं तर "काही नाही जी, बरी आहे" म्हणतात.

क्षयरोगात जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच सापडलेले रुग्ण आणि अंदाजे असलेले रुग्ण हे दोन आकडे वेगळे देते. तिच्या अंदाजाने भारतात दर लाखामागे नवे रुग्ण २०१५ मध्ये २३७ होते, २०२३ मध्ये १९५. सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचंही तसंच. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, आणि विदर्भात ती जसजशी होते तसतसे आकडे वाढताना दिसतात. आजार आधीही होताच. आता कार्ड मिळतं, लग्नाआधी विचार करता येतो, औषध वेळेवर सुरू होतं.

१०. आमची कोरकू-गोंड मुलं जात्याच लहान चणीची. त्यांना युरोपच्या मापाने का मोजता?

ते माप युरोपचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेले वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून बनले. भारतातली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध मिळालेली, घरात धूम्रपान नसलेली, पोटभर खायला आणि औषधोपचार मिळणारी मुलं निवडली. सहाही देशांतल्या अशा मुलांची पहिल्या पाच वर्षांतली वाढ जवळजवळ सारखी निघाली.

एकेक मूल आईबापावर जाऊन ठेंगणं असू शकतं. पण गावातली तिसरा हिस्सा मुलं खुंटलेली (वयाच्या मानाने उंची कमी) असतील तर ते रक्तात नसतं. आईचं वजन, लवकरचं लग्न, वारंवारची हगवण, पावसाळ्यात मजुरी बंद झाल्यावर रिकामी पडणारी डब्यातली डाळ, असं सगळं त्यामागे असतं. अंगणवाडीत दंडाला गुंडाळतात ती पट्टी पाहा: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. मेळघाटात लालमध्ये आलेलं मूल पुरेसं खाणं आणि उपचार मिळाले की काही आठवड्यांत हिरव्याकडे सरकतं. जात्याच बारीक असतं तर सरकलं नसतं.

११. भूक निर्देशांकावर सरकार आक्षेप का घेतं?

निर्देशांकात चार गोष्टी आहेत: लोकसंख्येतलं अपुऱ्या पोषणाचं प्रमाण, बालकांचं खुंटलेपण, बालकांचं वाळलेपण आणि पाच वर्षांखालील बालमृत्यू. चारांतल्या तीन बालकांच्या असताना नाव साऱ्या देशाच्या भुकेचं कसं, हा आक्षेप. पहिल्या गोष्टीचा अंदाज काढायच्या रीतीवरही आहे. नावावरचा आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो. पण निर्देशांक बाजूला ठेवला तरी प्र. ६ मधला २५.६ टक्क्यांचा आकडा आपल्याच सरकारच्या पाहणीचा आहे, तो कुठे जात नाही.

१२. मुळात हे आकडे खरे मानायचे का? आमच्याकडे कितीतरी मृत्यू लिहिलेच जात नाहीत.

मानायचे, पण कुठून आले ते विचारून.

नमुना नोंदणी पद्धतीत देशभरातल्या साडेआठ हजारांहून अधिक निवडक गावांत आणि वॉर्डांत एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या ताडतात. ही रीत भक्कम आहे, पण तिच्यातून राज्याचा दर मिळतो, जिल्ह्याचा नाही. जिल्ह्यासाठी दवाखान्यांकडून वर गेलेल्या नोंदी उरतात, आणि तिथे गळती होते. २००१ च्या सुमाराला राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांच्या एका गटाने गावोगाव नोंद घेतली, तेव्हा प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले होते.

त्या कामात पुढे होती गडचिरोलीची सर्च ही संस्था. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात इथे काम सुरू केलं. आधी मोजलं: कोणतं बाळ, कितव्या दिवशी, कशाने गेलं. बहुतेक पहिल्या महिन्यातच जात होती, घरातच, न्यूमोनियाने, जंतुदोषाने, थंडीने. मग गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाला झोळीत ठेवून वजन कसं घ्यायचं, काखेत तापमापी कशी धरायची, मिनिटभर छाती पाहून श्वास कसे मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर धोका. ३९ गावांत हे झालं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला भेटायला जातात, त्याचं मूळ या गावांत आहे. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं असतं.

तुमच्या हातात काय आहे? जन्म आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा, तोपर्यंत विलंब शुल्क लागत नाही. जन्मून तासाभरात गेलेल्या बाळाचीही जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही नोंद होते. "जगलंच नाही तर काय लिहायचं" म्हणून ती सोडू नका.

१३. गाव हागणदारीमुक्त, घरोघरी नळ. मग पाण्याच्या उद्दिष्टात आपल्याला पूर्ण गुण का नाहीत?

सहाव्या उद्दिष्टात तोटी मोजून भागत नाही. पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा हवं आणि दूषित नको, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ते सुरक्षित धरतात. आठवड्यातून दोनदा येणारा नळ दुसऱ्या अटीत अडकतो.

तिसरी अट विदर्भात फार कठीण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या भागात, जमिनीखालचं पाणीच खारट. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराईड आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते सतत पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडं वाकतात. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. गावातल्या प्रत्येक स्रोताचा तपासणी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणा.

१४. युरोपचे देश शाश्वत विकासात पहिले. पण जगाचं वाटोळं तर त्यांनीच केलं ना?

प्रश्नात तथ्य आहे, आणि अहवालवाल्यांनाही ते ठाऊक आहे. फिनलंड-स्वीडनसारखे देश वर आहेत ते मुख्यतः आरोग्य, शिक्षण आणि समानतेमुळे. पण त्यांच्या वापरामुळे दुसऱ्या देशांत जे नुकसान होतं त्याचा वेगळा निर्देशांक त्याच अहवालात असतो, आणि त्यात श्रीमंत देश बरेच खाली घसरतात. दरडोई कार्बन डायऑक्साइड भारतात वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या.

हा हिशेब देशाच्या आतही लागू होतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. वीज राज्यभर जाते, राख आणि धूर दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वाट्याला येतात. कापसाचंही तसंच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या कापसाचा सदरा घालणाऱ्याच्या देशाच्या खात्यावर हे मृत्यू कधीच लागत नाहीत. गुण पाहताना ओझं कुणी वाहिलं हेही विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

१५. आरोग्यावर खर्च किती, यात देशांची तुलना कशी करायची?

एकूण खर्चापेक्षा रुग्णाच्या खिशातून किती गेला ते पाहा. भारतात आरोग्याच्या एकूण खर्चातला हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. मोठी घट आहे. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवा आणली, तिथे हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. सरकारने २०१७ च्या धोरणात राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के खर्चाचं लक्ष्य ठेवलं होतं, २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

"आमच्याकडे महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे, मग खर्च कसला?" असं काहीजण विचारतात. कार्ड भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना चालतं. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, बाहेरची तपासणी, नागपूरला जायचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

१६. शेतकरी आत्महत्यांचा आकडा देशादेशांत ताडता येतो का?

आत्महत्येचा दर तिसऱ्या उद्दिष्टाचा एक निर्देशक आहे, त्यामुळे तुलना होते. पण जपून वाचावी. आपल्याकडे आकडे पोलिसांच्या नोंदीवरून येतात, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्याहून जास्त असतो. "शेतकरी" कोण हा आणखी एक पेच. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असला की जन्मभर शेतात राबलेली बाई गृहिणी म्हणून लिहिली जाते. मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवलेली प्रकरणं हा तिसराच आकडा. या तिन्हींची सरमिसळ करू नका.

घरात कुणी अबोल झालं असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, फुकट बोलता येतं.

१७. या सगळ्याचा ग्रामपंचायतीला उपयोग काय?

१७ उद्दिष्टं पंचायतींसाठी नऊ संकल्पनांत बसवली आहेत. आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, महिलास्नेही गाव अशी ती आहेत. गावाचा विकास आराखडा त्यांतूनच मांडायचा असतो, आणि त्यावर आता पंचायतींना गुणही मिळतात.

तुलना परदेशाशी नको, जिल्ह्यातल्या सर्वांत पुढारलेल्या गावाशीही नको. तुमच्याएवढीच वस्ती, तसंच जंगल किंवा तशीच कोरडवाहू जमीन असलेलं, पण तुमच्यापेक्षा बरं चाललेलं गाव शोधा आणि तिथे जाऊन या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. ते पाहायला गेलेल्या कित्येक गावांनी परत येऊन आपले दावे भरले. आरोग्यातही हेच करता येतं. आशाताई, अंगणवाडीताई आणि गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतल्या दोघीजणी एवढ्यांनी मिळून जावं.

१८. दर काढायला लोकसंख्या कोणती धरू? २०११ ची तर फार जुनी झाली.

जुनी आहेच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोपर्यंत देश आणि राज्यासाठी अंदाजित लोकसंख्या वापरतात. गावासाठी आशाताई आणि अंगणवाडीचं घरभेटीचं सर्वेक्षण जास्त खरं, फक्त कामाला बाहेर गेलेली कुटुंबं धरली की वगळली ते रजिस्टरवर लिहून ठेवा. अर्भक मृत्युदर आणि माता मृत्यूसाठी लोकसंख्या लागतच नाही, जिवंत जन्मांची संख्या लागते (प्र. ३). बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकी-सुनांची बाळं तिथल्या नोंदीत गेली की इथल्या, एवढं तपासून घ्या. बहुतेक गावांचा हिशेब तिथेच चुकतो.